काय नेताय बाहेर?

आमच्या घरमालकांच्या खोलीला दार नव्हतं. चाळीतल्या आठही बिऱ्हाडांना होतं, संडासालासुद्धा होतं, फक्त मालकांच्या खोलीला नुसती चौकट आणि चौकटीत एक निळा पडदा. कुणी विचारलं तर छाती पुढे काढून म्हणायचे, "ऑफिसला दार नसावं. कामगाराला साहेबापर्यंत कधीही पोचता आलं पाहिजे."

आता कसलं ऑफिस आणि कुठले साहेब! आयुष्यभर पिंपरीच्या एका कंपनीत टाइम ऑफिसला कारकून होते. लोकांची हजेरी लावली, भोंग्याच्या वेळा सांभाळल्या आणि रिटायर झाले. फंडाच्या पैशांत चिंचवड स्टेशनच्या मागे चाळ बांधली, बायको देवाघरी गेली, आणि कंपनीत जो रुबाब करायला मिळाला नाही तो सगळा आमच्या डोक्यावर येऊन बसला. काका म्हटलेलं त्यांना चालायचं नाही. साहेब म्हणा, म्हणायचे. मी म्हणायचे, पण जरा लांबवून म्हणायचे, साऽऽहेब. त्यांना ते कळत नव्हतं, किंवा कळूनही गोड लागत होतं.

खाकी अर्धी चड्डी, वर पांढराशुभ्र शर्ट, खिशाला पेन आणि गळ्यात शिट्टी. सकाळी कंपनीचा भोंगा झाला की मागोमाग हे अंगणात येऊन शिट्टी मारणार, भोंग्याला मंजुरी दिल्यासारखी. मग चाळीच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसणार आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला अडवणार. "काय नेताय बाहेर?" कंपनीच्या गेटवर सुटताना झडती होते ना, तशी. दोन्ही हात वर करायचे, मग ते नुसती मान हलवायचे, मग जायचं. पोरं शाळेला जाताना हात वर करायची. भाजीवाली टोपली डोक्यावर असल्यामुळे एकच हात वर करायची, तिला सवलत होती. शेजारच्या खोलीतल्या पोरीचं लग्न झालं, बिचारी रडत रडत सासरी निघाली, तर तिलाही विचारलं, "काय नेताय बाहेर?" ती हुंदका गिळून म्हणाली, "पाटा-वरवंटा." "जा," म्हणाले, आणि मग स्वतःच पडद्याआड जाऊन नाक शिंकरत बसले.

असा हा माणूस. आणि ह्याच्या तावडीत आमचा संसार सापडला. त्याची गोष्ट सांगते.

आमचे हे कंपनीत लेथवर टर्नर. माणूस देवासारखा, म्हणजे नवसाला पावायचे आणि हिशेब ठेवायचे नाहीत. कंपनीत पर्मनंट झाले आणि ह्यांना वाटलं आपण आता टाटा-बिर्ला. दुकानदार म्हणाला, रेडिओ न्या, पैसे मग द्या. हे म्हणाले, "बोनस झाला की देतो." नणंदेच्या लग्नाचा शिधा किराणावाल्या शेठकडून उधार उचलला. "बोनस झाला की देतो." सायकलवर गठ्ठा बांधून हप्त्याने साड्या विकणारा एक साडीवाला यायचा, त्याच्याकडून चादरी घेतल्या, पडदे घेतले, दोन साड्या घेतल्या. साड्या मला आवडल्या होत्या, उगाच खोटं कशाला बोला. त्यालाही सांगितलं, "बोनस झाला की!" चार महिन्यांचं भाडं थकलं, साहेबांना तेच उत्तर. बोनस एक आणि त्याचे नवरे चार! बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी म्हणतात, पण इथे तुरी बाजारातसुद्धा आल्या नव्हत्या. त्या वर्षी बोनस किती टक्के, त्यावरून कंपनीत रोज घोषणा चालू होत्या.

एक दिवस साताऱ्याकडून सासरे आले. खाली बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "पोरा, लई झालं ह्ये. दिवाळीपातूर देणं आवाक्यात आलं न्हाई, तर सूनबाई नि नात गावाला न्हेतो. तू हितं कॉटवर ऱ्हा." कॉटवर म्हणजे एका खोलीत दहाबारा खाटा, पहिल्या पाळीचा उठला की त्याच्या ऊबदार अंथरुणात रात्रपाळीचा येऊन झोपणार. पुष्कळ लोक राहायचे तसे. पण मला नव्हतं जायचं! लेक नुकती दुसरीत गेलेली, शाळेत रमलेली. आणि ह्या माणसाला एकटं ठेवून गेले असते तर परत येईपर्यंत ह्यांनी दोन रेडिओ आणखी आणले असते. मी रात्रंदिवस धास्तावलेली. ह्यांना विचारलं की म्हणायचे, "अगं, होईल गं सगळं, बोनस—" मी लाटणं उचललं की वाक्य अर्धं राहायचं.

आणि एका सकाळी साहेब दारात. मला वाटलं, संपलं, आता भांडी अंगणात.

"वहिनी," ते म्हणाले, "तुमचं घर हा आजारी उद्योग आहे."

मी म्हटलं, "कुणी आजारी नाहीये हो, नुसती सर्दी आहे."

"पेपर वाचत चला. बंद पडायला आलेली गिरणी असते ना, ती सरकार ताब्यात घेतं, तोटा भरून काढतं आणि मालकाला परत देतं. आजपासून तुमचं घर मी ताब्यात घेतलं. हे कामगार, तुम्ही उत्पादन खातं, मुलगी अप्रेंटिस. व्यवस्थापन म्हणून मी. व्यवस्थापनाला पगार नाही. रात्रीचं एक जेवण."

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे खुशीत! ह्यांना काय, डोकं दुसऱ्यानं चालवलं की हे मोकळे. जेवणाचं ऐकून माझ्या मनात आलंच, आयत्या बिळावर नागोबा. पण चार महिन्यांचं भाडं अंगावर असताना नागोबाला हाकलायचं कसं?

पहिला हुकूम निघाला, रेडिओ 'स्टोअर'मध्ये जमा. स्टोअर म्हणजे त्यांची बिनदाराची खोली. दुसऱ्या दिवसापासून आमचा रेडिओ तिथे खणखणीत वाजायला लागला आणि साहेब मान डोलवत ऐकत बसायला लागले. विचारलं तर म्हणाले, "मशीन बंद ठेवलं की गंजतं." दुसरा हुकूम, घरातून वाटीभर साखर जरी शेजारी गेली तरी त्यांचा गेटपास पाहिजे. गेटपास म्हणजे काय, तर त्यांच्यासमोर वाटी धरून दोन्ही हात वर करायचे. वाटी हातात घेऊन हात वर करून बघा एकदा! निम्मी साखर केसांत जायची. शेजारणींनी मागणंच सोडून दिलं, त्यामुळे साखर वाचायला लागली हे मात्र खरं.

बोनसचं नाव घरात काढायला बंदी. त्यांची एक म्हण होती, "पोटातल्या पोराचं बारसं करू नये." बोनस येईल तेव्हा येईल, देणं पगारातून फेडायचं.

मग त्यांनी जे केलं ते आजवर मी कुठे पाहिलं नाही की ऐकलं नाही. पगाराच्या दिवशी त्यांनी शेठ, साडीवाला आणि रेडिओवाला ह्या तिघांना एकाच वेळी चाळीच्या अंगणात बोलावलं. तिघे आले, बाकावर बसले, एकमेकांना नमस्कार-चमत्कार झाले. "आपण कसे?" "मी जरा बोनसचं बघायला." "मीपण बोनसचंच." तिसरा उठून उभाच राहिला. तिघांना एकदम उजेड पडला की तिघांनी एकच कोंबडी विकत घेतलीय. जो काय गोंधळ उडाला! शेठ साडीवाल्याला म्हणाले, तू मागून आलास. साडीवाला म्हणाला, पण माझं व्याज नाही, मी गरीब. आमचे हे मधे उभे राहून दोघांची समजूत काढत होते, जणू भांडण ह्यांच्याबद्दल नव्हतंच.

साहेबांनी शिट्टी मारली.

"तुम्हांला प्रत्येकी चिमूटभर हप्ता दिला तर कुणाचंच समाधान नाही," ते म्हणाले. "म्हणून आपण उलटी भिशी लावू."

भिशी आमच्याकडे घराघरात. दहा जणांनी महिन्याला पैसे काढायचे, चिठ्ठी टाकायची, ज्याचं नाव निघेल त्यानं सगळी रक्कम उचलायची. साहेबांनी ती उलटी केली. पैसे काढणारा एकटा आमचा नवरा, उचलणारे तिघे. दर पगाराला ठरलेली रक्कम ताटात ठेवायची, लेकीनं डबा हलवून चिठ्ठी काढायची, ज्याचं नाव त्याला सगळे पैसे. बाकीच्यांना चहा.

शेठ कुरकुरले, "असं कुठं असतं काय साहेब?" पण पहिली चिठ्ठी त्यांचीच निघाली. नोटा हातात पडल्याबरोबर त्यांना ती पद्धत फार शास्त्रशुद्ध वाटायला लागली.

"आणि साहेब, तुमचं भाडं?" मी विचारलं. "तुमची चिठ्ठी नको टाकायला?"

"व्यवस्थापनाचं देणं सगळ्यात शेवटी. नियम आहे," म्हणाले आणि चहा मागवला.

पुढं पुढं काय गंमत झाली म्हणता, त्या तिघांना ह्याची चटकच लागली. पगाराच्या संध्याकाळी तासभर आधीच येऊन बसायचे. चाळ सगळी गोळा. चिठ्ठी निघाली की टाळ्या. साडीवाल्याचं नाव लागोपाठ निघालं तर रेडिओवाल्यानं माझ्या लेकीला लिमलेटच्या गोळ्या आणून दिल्या. साहेबांनी त्या लाच म्हणून जप्त केल्या आणि स्वतः खाल्ल्या. माझ्या दाराशी येणारे, खालच्या मानेनं ज्यांना मी "हे घरात नाहीत" सांगायचे, तेच लोक आता विचारायचे, "काय वहिनी, बरं आहे ना?" आणि मी वर बघून सांगायचे, "बरंय." तेवढ्यासाठी मी साहेबांचे शंभर गुन्हे माफ केले असते.

पण एकशे एकावा नाही केला. एके दिवशी मी पोळ्या लाटतेय आणि हे महाशय टाइम ऑफिसचं जुनं घड्याळ घेऊन पाठीशी उभे. "वहिनी, पोळी उलटताना तुमचा हात विनाकारण कमरेला जातो. त्यात वेळ जातो आणि रॉकेलही जातं."

मी स्टोव्ह बंद केला.

"काय झालं?"

"संप," मी म्हटलं, "हात कमरेवरच राहणार आता!"

साहेबांचा चेहरा असा काही खुलला म्हणून सांगू! उभ्या आयुष्यात त्यांनी संप झाला की नुसते हजेरीत फुल्या मारल्या होत्या. आज त्यांच्याविरुद्ध संप झाला होता. लगेच म्हणाले, "मग व्यवस्थापन टाळेबंदी जाहीर करतंय," आणि माझ्या स्वयंपाकघराला बाहेरून कुलूप! संध्याकाळी हे कामावरून आले, दारात साहेब आणि मी पाय पसरून बसलेलो. ह्यांना सगळं सांगितलं. हे युनियनचे पक्के. "संप म्हणजे संप," म्हणाले, "मी फोडणार नाही," आणि तेही उपाशीपोटी माझ्या शेजारी बसले. अप्रेंटिस तेवढी शेजारी जाऊन वरणभात हादडून आली.

आठ वाजले, साहेबांच्या पोटात कावळे ओरडायला लागले, ते आम्हाला ऐकू येत होते.

"मागण्या काय आहेत?" त्यांनी आवाज जड करून विचारलं.

"घड्याळ घरात आणायचं नाही. आणि पगाराचं पाकीट ह्यापुढे तुम्ही नाही, मी फोडणार. ताटात किती ठेवायचं, घरात किती, ते मी ठरवणार."

"वहिनी, पैशाचं काम—"

"मग बसा उपाशी!"

ह्यांनी हळूच म्हटलं, "साहेब, रास्त मागणी आहे. भात तरी लावू द्या." करार झाला. कुलूप काढलं. पिठलंभात झाला आणि साहेब चार वेळा वाढून घेऊन म्हणाले, "उत्पादनाचा दर्जा सुधारला." त्या दिवसापासून माझ्या नवऱ्याचा पगार माझ्या हातात आला तो आजतागायत.

दिवाळीला बोनस झाला, तो ताटात ठेवला; देणं खाडकन निम्म्यावर आलं. सासरे आले, अंगणातला तो तमाशा बघितला, शेठशेजारी बसून चहा प्यायले आणि सुनेला न नेताच परत गेले. जाताना साहेबांच्या खुर्चीसमोर हात वर केले. "काय नेताय बाहेर?" "काय न्हाई राव, रिकामाच चाललोय," म्हणाले, पण मिशीत हसत होते.

एक सांगायचं राहिलं. पिंपरीला लाकडाची वखार असलेले एक चाचा अधूनमधून चाळीत यायचे. पांढरी दाढी, सायकल, बोलणं मऊ. लांबून त्यांची सायकल दिसली की साहेब खुर्ची सोडून माझ्या स्वयंपाकघरात शिरायचे आणि दबक्या आवाजात सांगायचे, "विचारलं तर सांगा, राउंडला गेलेत." मी सांगायचे. मला वाटायचं, चाचा उर्साची वर्गणी मागतात आणि आमचा चिक्कू माणूस लपतो.

पुढच्या वर्षी पावसाळ्याच्या आधी शेवटची चिठ्ठी निघाली, रेडिओवाल्याची. त्यानं शेवटचे पैसे मोजून घेतले, पेढे वाटले, आणि आता पगाराला कुठे जायचं म्हणून खिन्न होऊन बसला. मी साहेबांच्या हातावर पेढा ठेवला. "आता तुमचं भाडं, साहेब." ते काही बोलणार तेवढ्यात चाचा आले. ह्या वेळी सायकल नव्हती. हातगाडी होती आणि बरोबर दोन सुतार, पटाशी-हातोड्यासकट. साहेब क्षणात माझ्या घरात गडप.

"बाई," चाचा म्हणाले, "सामान जरा सरकवून घ्या. आठही दारं उतरवून न्यायची आहेत."

"दारं? कुणाची?"

"माझीच. चाळ बांधली तेव्हाची. पैसे आले न्हाईत. सिमेंटवाल्याचे, वीटभट्टीवाल्याचेपण न्हाईत. साहेबांच्या खोलीचं मागेच नेलं होतं ना मी, म्हटलं, एक दार गेल्यावर तरी शरम वाटेल."

मी त्या निळ्या पडद्याकडे बघितलं. ऑफिसला दार नसावं! कामगाराला कधीही पोचता आलं पाहिजे! लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. आधी मला हसू आलं. मग चाळीतल्या बायकांकडे बघितलं तर सगळ्या खाली बघायला लागलेल्या, आणि एकेकीनं कबूल केलं. आमचं धरून तीन घरं त्यांनी ताब्यात घेतली होती, बाकीची दोन गुपचूप. तिघांचंही भाडं 'सगळ्यात शेवटी'. ते बघून उरलेल्या पाचांनी आपापलं भाडं शेवटी नेऊन ठेवलं होतं. वर्षभर त्या माणसाला कुणीही एक पैसा दिला नव्हता, आणि हा मागायला लाजत होता. म्हणून रात्रीचं जेवण आमच्याकडे. आणि मी मनात नागोबा म्हणत होते! मला इतकं वाईट वाटलं की काय सांगू.

आत गेले. साहेब पिठाच्या डब्यामागे उकिडवे बसलेले, शर्टाला पीठ.

"राउंडला गेलेत म्हणून सांगा," ते पुटपुटले.

"उठा," मी म्हटलं. त्यांच्या गळ्यातली शिट्टी काढून माझ्या गळ्यात घातली. "साहेब, तुमची चाळ हा आजारी उद्योग आहे. मी ताब्यात घेतेय."

"वहिनी, हे नियमात—"

"व्यवस्थापनाला एक जेवण मिळतं, ते चालू राहील. गप्प बसायचं."

बाहेर येऊन मी अशी शिट्टी मारली की सुताराच्या हातून पटाशी पडली. सगळ्यांना सांगितलं, ह्या पगारापासून प्रत्येक घराचं भाडं आणि थकल्यातलं थोडं, ताटात. उलटी भिशी. चाचा, सिमेंटवाला, वीटभट्टीवाला, तिघांच्या चिठ्ठ्या. आमचे हे पुढे झाले आणि मोठ्या मनानं म्हणाले, "आपलं तर बोनस झाला की—" अख्खी चाळ ह्यांच्याकडे वळली. हे मागे झाले.

चाचांनी दाढी खाजवली. "न्हाई निघाली माझी चिठ्ठी, तर?"

"तर चहा," मी म्हटलं.

"चालेल. दारं नेऊन तरी मी काय करू, बिर्याणीत घालू?" असं म्हणून ते बाकावर बसले. रेडिओवाला सरकून बसला आणि त्यांना नियम समजावून सांगायला लागला. त्याला पगाराच्या दिवशी यायला निमित्त मिळालं होतं.

दोन दिवाळ्या गेल्या त्यात. साहेब पगाराच्या दिवशी सगळ्यांत मागे, कोपऱ्यात उभे राहायचे. शिट्टी मागायचे नाहीत. मी परत देऊ केली तर म्हणाले, "फेडून झाल्यावर."

सगळ्यांत शेवटी चाचांची चिठ्ठी निघाली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी ते हातगाडीवरून ते नेलेलं दार घेऊन आले. स्वतः उभं राहून बसवून घेतलं, मजुरी घेतली नाही. निळा पडदा काढून मी धुवायला टाकला. साहेबांनी दारावरून हात फिरवला, आत गेले, दार लावलं, कडी घातल्याचा आवाज आला. चाळ सगळी अंगणात उभी. बराच वेळ कडी निघाली नाही. शेठ म्हणाले, "झोपले काय?"

मग आतून टकटक झाली. स्वतःच्याच दारावर, आतून.

"वहिनी," साहेबांचा आवाज, "बाहेर येऊ का?"

शिट्टी माझ्या गळ्यात होती. मी ती सारखी केली, खुर्ची दारासमोर ओढून बसले आणि जमेल तितक्या जड आवाजात विचारलं, "काय नेताय बाहेर?"

कडी निघाली. दार उघडलं. साहेब उंबऱ्यात उभे, दोन्ही हात वर, डोळे गच्च भरलेले.

"काही नाही, वहिनी," ते म्हणाले. "एक देणं होतं, तेपण संपलं. बघून घ्या."